सासूबाई दुकानावर बसल्या तेव्हा

आमचा थोरला दीड वर्षाचा असताना त्याचं पोट बिघडलं आणि महिना होत आला तरी थांबेना. साल अठ्ठ्याण्णव असेल. दिवसातून सहा-सात वेळा पातळ शी, तीत खाल्लेलं जसंच्या तसं. ताप नाही, रडणं नाही, खेळणंही चालू. पण झबली सैल व्हायला लागली होती आणि आंघोळ घालताना बरगड्या हाताला लागायच्या. माझा जीव टांगणीला लागला होता.

आम्ही आंजीला राहायचो. पुढे किराणा दुकान, मागे घर. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मोठा आजार काही दिसत नाही. गोड आणि बाहेरचं बंद करा, घरचं साधं जेवण द्या, पाणी पाजत राहा. बाहेरचं काय खातो, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी मान ताठ करून म्हटलं, काही नाही. खोटं बोलत नव्हते. मुगाची खिचडी, ताक, कुस्करलेलं केळं, सगळं मी माझ्या हातानं भरवत होते.

तरी फरक पडेना. मग मी गुन्हेगार शोधायला लागले. राग माझ्या नाकावरच असतो, आणि नातवाला लपूनछपून खाऊ घालील असं घरात मला एकच माणूस दिसत होतं. एका दुपारी चौथ्यांदा लंगोट धुताना माझं तोंड सुटलं.

"आई, तुमीच त्याले काहीबाही खाऊ घालून राह्यल्या. माया लेकराचा जीव जाईन, मंग समजन तुमाले."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या. त्या एखादा शब्द उलटून बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे नेहमीसारखे नातवाला कडेवर घेऊन दुकानात गेले. मला स्वयंपाक उरकता यावा म्हणून ते रोज दोन-तीन तास त्याला आपल्याजवळ गादीवर बसवून घ्यायचे. आज त्यांच्या मागोमाग सासूबाईही गेल्या. आमच्या घरच्या बायका गिऱ्हाइकांसमोर दुकानात जात नसत. लग्न होऊन आल्यापासून सासूबाई त्या गादीवर कधी टेकल्या नव्हत्या. मला वाटलं, माझी तक्रार करायला गेल्या.

दुपारी सगळे जेवायला आत आले तेव्हा सासूबाईंनी खाली बसून पदराची गाठ सोडली. गुळाचे खडे, फुटाणे, शेंगदाणे, संत्र्याच्या गोळ्या, बिस्किटं, दोन खारका, शेवेचा चुरा. त्या एका सकाळीत नातवाच्या हातावर पडलेलं सगळं त्यांनी गोळा करून आणलं होतं. दुकानावर बसलेल्या लेकराचा हात रिकामा ठेवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. जो तो आपल्या पुडीतलं चिमूटभर त्याच्या हातावर ठेवी, आणि गूळ फोडला की सासरेही खडा देत. यातलं कुणी काही लपवलं नव्हतं. याला खाणं म्हणतात हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अन् त्याचे चिकट हात तर रोज दुपारी मीच पुसत होते.

सासरे ओशाळले. पण गिऱ्हाईक प्रेमानं देतं, त्याला नको कसं म्हणायचं, हा त्यांच्यापुढचा खरा पेच होता.

"नाई कोन म्हंते?" सासूबाई म्हणाल्या. "घेऊ. पोटात नाई जाऊ देऊ."

त्या दिवसापासून त्या रोज सकाळी नातवाला मांडीवर घेऊन गादीवर बसू लागल्या. गुळासाठी त्यानं भोकाड पसरलं की हातात रिकामं माप द्यायच्या, वाजवायला. कुणी काही पुढे केलं की पदर पसरायच्या, याचं पोट नरम आहे, बरं झालं की देते म्हणायच्या, आणि लगेच त्या माणसाच्या घरची विचारपूस सुरू करायच्या. कुणाची लेक बाळंतपणाला आली आहे, कुणाचा बैल लंगडतो आहे, सगळं त्यांना ठाऊक. देणारा उलट खूश होऊन जायचा. त्यांच्या जागी मी असते तर दोन दिवसांत अर्ध्या गावाशी भांडून बसले असते. दाराआडून मी त्यांना ऐकत उभी राहायचे आणि मनातल्या मनात हात जोडायचे. माझ्या त्या दुपारच्या बोलण्याचा मात्र त्यांनी एकदाही उल्लेख केला नाही, आणि माफी मागायला माझीही जीभ वळेना.

बाराव्या की तेराव्या दिवशी सकाळी मला परसातून हाक आली. पोरगं उघडं उभं होतं आणि सासूबाई कमरेत वाकून जमिनीकडे बघत होत्या. घट्ट, बांधीव शी. दीड महिन्यातली पहिली. आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून कौतुकानं ती बघत राहिलो. मग मला एकदम रडू फुटलं. आई, माझं चुकलं, असं म्हणत मी त्यांच्या पायांशी वाकले.

त्यांनी दंडाला धरून मला अर्ध्यातच उभं केलं.

"पाया मंग पडजो," त्या म्हणाल्या. "पह्यले त्याले धू."