बाबांची हाक कॅसेटीतच राहिली

मंडळी, आज मी घोर माती खाल्ली.

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षीची, आमच्या पेडण्याच्या घरातल्या गणेशचवथीची व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवत होतो. दिवंगत बाबांचा आवाज फक्त तिच्यातच उरला होता. बुरशीने खाल्लेली फीत कशीबशी एकदा चालली आणि व्हीसीआरमध्येच तिचे तुकडे झाले.

माझ्या लिनक्सवर रेकॉर्ड करताना चित्र आणि आवाज वेगवेगळे निवडावे लागतात. मी आवाज निवडलाच नव्हता.

आई बघायला बसली. बाबा घुमट वाजवत आरती म्हणत होते, मुके. मध्येच ते वळले, ओठ हलले.

"हंयसर ते माका हाक मारतत," आई म्हणाली. "आवाज मागीर येतलो मरे?"

मी म्हटलं, हो, नंतर येईल.

ती अजून पडद्यासमोरच बसली आहे. तिला कसं सांगू?