फुगेवाल्यांना गेलेलं उत्तर

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान हवामान केंद्रात फुगे सोडायचे. रोज दोन वेळा. शेडमध्ये फुग्यात वायू भरायचा, खाली यंत्राची डबी बांधायची, सोडून द्यायचा आणि दुर्बिणीला डोळा लावून दर मिनिटाला आकडे टिपायचे. एकवीस वर्षं हेच काम. केंद्रातले लोक त्यांना फुगेवालेच म्हणत. "काय फुगेवाले, आज लाल की पिवळा?" ते हसत नसत. "पांढरा," एवढंच म्हणत. मला लिहायची सवय नाही, माणूस नीट उभा राहतोय की नाही कोण जाणे.

एका दुपारी त्यांना दुर्बिणीत आपल्या फुग्याशेजारी दुसरीच वस्तू दिसली. चपटी, करडी. फुगा वाऱ्याबरोबर पूर्वेला चाललेला, ती वाऱ्याच्या उलट. सात मिनिटं. त्यांनी सैन्याच्या हवाई कार्यालयाला चार पानी पत्र लिहिलं, आकड्यांसकट.

त्या कार्यालयात अशा पत्रांचं टेबल माझ्याकडे होतं.

आठ दिवसांवर एकही पत्र पडून राहता कामा नये, असा साहेबांचा हुकूम. दर महिन्याला वर तक्ता जायचा, त्यात 'उलगडा झाला नाही' असा रकानाच नव्हता. तीन उत्तरं आधीच छापून ठेवलेली. दिवसा दिसलं तर हवामानाचा फुगा, संध्याकाळी शुक्र, रात्री विमानाचे दिवे. नोंदवहीतला क्रमांक आणि वेळ बघून मी कागद उचलायचो. नाव-पत्ता पुढचा विभाग घालायचा. पत्र वाचायची वेळच येत नसे. लिहिणारा सरकारी नोकर असला तर एक प्रत त्याच्या वरिष्ठाला जायची.

अशा रीतीने फुगे सोडणाऱ्या माणसाला मी कळवलं, की तुम्ही पाहिलात तो फुगा होता.

वरिष्ठ त्यांना म्हणाले, "स्वतःचा फुगा ओळखता येत नाही? मग तुमच्या आकड्यांवर विसंबायचं कसं?" आठवड्याच्या आत त्यांना भांडारात बसवलं.

ताई आणि भावोजी दोघंही माझ्या घरी आली. भावोजींनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"वाचलं होतं का कोणी?"

"वाचलं असेल की, भावोजी."

"असेल की नसेल?"

ताई कडाडली, "तोंडात गुळणी धरलीयस का? तुझंच टेबल ना ते?"

"नव्हतं वाचलं," मी म्हणालो.

"मग तेवढंच लिहून द्या. न वाचता उत्तर गेलं. दोन ओळी. माझी दुर्बीण मला परत मिळेल."

दुसऱ्या दिवशी मी चाचरत साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "एक चुकलं म्हणालास की लोक बाकीची चारशे उकरतील. आणि सही माझी असली तरी कागद तू उचललास, हे ध्यानात ठेव." मी शेपूट घातली. घरी सांगितलं, बघतो. सहा वर्षं बघतो म्हणत राहिलो. ताईने माझ्याशी बोलणं टाकलं.

भावोजी तापमापकांची खोकी मोजत भांडारातूनच निवृत्त झाले. पुढच्या वर्षी मीही झालो, तेव्हा कुठे धीर आला. दोन ओळी लिहिल्या, सही केली, नेऊन दिल्या. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"अक्षर छान आहे तुमचं," ते म्हणाले. "पण हा घरचा कागद. शिक्का हाताशी होता, तेव्हा द्यायचा होता."