उन्हाळा उतरू दे

नागपुरात जॅझ ऐकणारी माणसं किती, असं कोणी विचारलं तर बरीच वर्षं मी 'दोन' म्हणून सांगायचो. एक मी आणि दुसरा माझा गांधीबागेतला मित्र. आणखीही असतील, पण ती मला भेटली नाहीत आणि मीही कधी शोधायला गेलो नाही. आता मी 'एक' म्हणतो. तसं हल्ली विचारतं तरी कोण म्हणा.

एका कॉलेजच्या लायब्ररीत माझं आयुष्य गेलं. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, हाच धंदा. लोक पुस्तकाचं काय करतात ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. पानांत भज्यांचं तेल, समासात फोन नंबर, खुणेला म्हणून ठेवलेली आगकाडी. एका प्राध्यापकांनी तर कादंबरीची शेवटची आठ पानं फाडून नेली होती. का, तर म्हणे प्रवासात वाचायला तेवढीच उरली होती, अख्खं ओझं कशाला न्या. त्या दिवशी मी ठरवलं, कॉलेजची पुस्तकं गावभर वाटीन, पण माझी रेकॉर्ड उंबऱ्याबाहेर जाणार नाही. सख्ख्या भावाला दिली नाही. बायको म्हणायची, "रेकॉर्डींना जपता तेवढं मला जपलं असतं तर..." आणि पुढचं हसून सोडून द्यायची. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. नंदनवन वस्तीतल्या घरात आता मी, चारेकशे रेकॉर्डी आणि एक टीव्ही.

टीव्हीबद्दल माझं मत अत्यंत वाईट आहे आणि तो दिवसभर चालू असतो. चर्चेत सहा जण एकाच वेळी बोंबलतात, मालिकेतली सासू दाराआडून ऐकते आणि तिची मान तीन वेळा वळवून दाखवतात. मी त्यांना एकटाच शिव्या घालत बसतो. खरं सांगायचं तर संध्याकाळी सात वाजता घरात कोणाचा तरी आवाज लागतो. जॅझ त्या कामाचं नाही. सॅक्सोफोनवाला एक काहीतरी बोलतो, पियानोवाला त्याला उत्तर देतो, ड्रमवाला मध्येच चिमटा काढतो. चार दोस्त ओसरीवर गप्पा मारत बसले आहेत आणि आपण रस्त्यावरून ऐकतो आहोत, असं ते असतं. शेजारी कोणी असलं तर आपणही ओसरीवर चढतो. पुस्तकाला सोबत लागत नाही, या संगीताला लागते. हे मला फार उशिरा कळलं.

मित्राची ओळख भांडणातून झाली. गांधीबागेच्या बाजारात त्याचं ठोक कापडाचं दुकान होतं. मला उशांच्या अभ्र्यांसाठी दोन मीटर हवं होतं आणि तो अख्ख्या ताग्याखाली बोलायला तयार नव्हता. माझा आवाज चढला, तेवढ्यात त्याच्या गादीमागच्या टेपवर सॅक्सोफोन ऐकू आला. शेजारच्या दुकानांत आरत्या आणि सिनेमाची गाणी, आणि इथे हे! मी विचारलं, "हे काय लावलंय?"

"मालूम नाई गा. मुंबईहून आलेल्या कापडाच्या गाठीत निंघाली कॅसेट. काय बोलते समजत नाई, पण सोडवत बी नाई."

त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं, दर रविवारी सकाळी नऊला त्याची स्कूटर माझ्या फाटकाशी. एक बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही, हा नियम माझा. सुई मी ठेवणार, मीच उचलणार, त्यानं हात लावायचा नाही. आठवडाभर कापड चिमटीत धरून पोत सांगणारा हा माणूस, माझ्याकडे आला की हात मांडीखाली घालून बसायचा. माझ्या एकूणएक रेकॉर्डीला त्यानं मऊ मलमलची पिशवी शिवून आणली. त्या पिशव्यांत रेकॉर्डी घातल्या मात्र मीच.

त्याचा जीव एका रेकॉर्डीवर होता. तिच्या दुसऱ्या बाजूला एक संथ चीज आहे, सॅक्सोफोन, पियानो आणि मागे जेमतेम ऐकू येणारा ड्रम. वर्षातून एकदा तरी तो म्हणायचाच, "आठ दिवस दे ना गा. खाऊन टाकतो का मी?"

"इथे येऊन ऐक."

"मोठा चिवट हायेस गा तू." असं म्हणून हसायचा आणि पुढच्या रविवारी परत हजर.

दोन वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली. मुलानं त्याला पारशिवनीकडच्या शेतातल्या घरी नेलं. माझे रविवार बंद पडले. नऊ वाजता फाटकाशी काही वाजलं की मी उठून बघायचो, तर दूधवाला.

मे महिन्यात त्याचा फोन आला. जीभ जड झाली होती, पण स्वर खुशीचा होता. "पोरानं रेकॉर्ड वाजवाचा डब्बा आणून देल्ला मले. तू ते रेकॉर्ड घेऊन येजो. आठ दिवस ठेवतो फक्त."

मी म्हणालो, "अरे, शेहेचाळीस डिग्री तापतंय. एसटीत रेकॉर्ड पापडासारखी वाकेल. उन्हाळा उतरू दे."

हे खोटं नव्हतं. नागपुरात मे महिन्यात रेकॉर्ड घेऊन फिरणारा मूर्खच. पण खरं कारण तो डब्बा होता. तसले स्वस्तातले डबे मी पाहिलेत, त्यांची जड सुई खाचा नांगरून काढते. शिवाय ती आठ दिवस परक्या घरात, कोणाकोणाच्या हातात. मी मोबाइलवर तीच चीज त्याला पाठवून दिली आणि स्वतःवर खूश झालो.

पोळ्यानंतर परत फोन. "उन्हाळा उतरला गा."

"आता दमट हवा आहे. बुरशी धरते."

तो म्हणाला, "बरं. तुले जमन तवा ये." इतक्या वर्षांत तो माझ्यावर कधी चिडला नाही, त्या दिवशीही नाही. चिडला असता तर कदाचित मी गेलो असतो.

दिवाळीत त्याला दुसरा झटका आला. मुलानं फोनवर सांगितलं, जीव वाचला, पण आता माणसं ओळखू येत नाहीत. संक्रांतीच्या आधी मी ती रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळली, छातीशी धरली आणि एसटीत बसलो. तीस वर्षांत ती पहिल्यांदा घराबाहेर पडत होती. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरी खड्डा आला की माझे हात आपोआप तिच्याभोवती घट्ट होत होते.

पडवीत तो खाटेवर बसला होता, समोर टीव्ही चालू. सून म्हणाली, "बाबा, काका आले पाहा नागपूरहून." त्यानं माझ्याकडे पाहून डावा हात कपाळाशी नेऊन नमस्कार केला, पाहुण्याला करतात तसा. तिनं टीव्ही बंद केला, कपाटावरून डबा काढून दिला. त्यावर धूळ होती. तो एकदाही वाजला नव्हता, कारण वाजवायला घरात रेकॉर्डच नव्हती. मी दुसरी बाजू लावली. सुई खरोखरच जड होती. नांगरू दे, म्हटलं.

तो डोळे मिटून ऐकत होता. बाजू संपेपर्यंत चकार शब्द नाही. मी सुई उचलली तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"लय मस्त वाजवते," तो म्हणाला. "तुमची हाय का हे?"

तीस वर्षं मला 'तू' आणि 'गा' म्हणणारा माणूस. मी म्हणालो, "हो. पण आता तुमच्याकडेच ठेवून जातो."

तो एकदम घाबरला. डावा हात उचलून नाही नाही करू लागला. "नाई, नाई. असं करू नका. रेकॉर्ड कोनाले देऊ नाई, खराब होते. माहा एक दोस्त हाय नंदनवनात, त्याले समजते यातलं. तो मले बी देत नाई. मी मांगून मांगून थकलो, पण त्याचं बरोबर हाय. तुम्ही घेऊन जा."

"राहू द्या हो. मला आता नको ती."

"घेऊन जा म्हटलं ना." त्यानं सुनेला हाक मारली. "वं, पाव्हन्याची वस्तू नीट बांधून दे. हात नको लावजो तिले."

सुनेनं माझ्यासमोर टॉवेल पसरला आणि ती बाजूला उभी राहिली. रेकॉर्ड मीच उचलली, मीच बांधली, आणि पाचच्या एसटीनं घरी घेऊन आलो.