पहिले खालून

कुरळ्या केसांबद्दल ज्यांना काडीचं कळत नाही, तेच सगळ्यात जास्त बोलतात. हे मी माझ्या पोरीच्या डोक्यावरून सांगतो. तिचे केस माझ्यावर गेलेत. सासूबाईंनी तिला दवाखान्यात पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाच म्हणाल्या होत्या, "नाक आमचं, केस तुमचे." त्यातला 'तुमचे' असा काही उच्चारला, की जणू मी पोरीच्या डोक्यावर काहीतरी सांडून ठेवलं असावं.

मागच्या उन्हाळ्यात बायकोची बदली पुण्याला झाली. आठ वर्षांची पोरगी, नागपुरात प्रताप नगरातलं घर आणि ते केस, सगळं माझ्या अंगावर आलं. तोवर बायको रोज सकाळी तेल थापून दोन करकचून वेण्या घालायची. पोरगी भोकाड पसरायची, बायको तिच्यावर खेकसायची आणि मी दुकानाची चावी घेऊन निघायचो. रामदासपेठेत माझं औषधांचं दुकान आहे. दिवसभर लोक येऊन विचारतात, "भाऊ, केस वाढवायची गोळी आहे का?" मी देतो. विकणं माझा धंदा आहे. पण मनात म्हणतो, अरे भैताडा, केस वाढतातच. तू ते खालून तोडून राहिला, त्याचं काय?

पण हे शहाणपण उन्हाळ्यानंतरचं. तेव्हा मलाही ओ की ठो कळत नव्हतं.

बायको गेली त्या पहिल्याच रविवारी ताई आली. माझी मोठी बहीण. पलीकडच्या गल्लीत राहते आणि आमच्या घरात काय चुकतंय हे तिला तिथूनच दिसतं. तिचे केस मुळात आमच्याच घराण्याचे, म्हणजे डोक्यावर झुडूप. पण लग्नाच्या आधीपासून धरमपेठेतल्या पार्लरमध्ये जाऊन ती ते सरळ करून घेते. मुळातून वळण दिसायला लागलं रे लागलं की निघाली पार्लरला. लहानपणीच्या एकाही फोटोत तिचे केस दिसत नाहीत, डोक्याला रुमाल बांधलेला. उवा झाल्या होत्या म्हणून आईनं कापले होते, असं आमच्या घरात सांगायचे. मी ऐकलं होतं आणि विसरलोही होतो.

तर ताई आली, पोरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे काय गा? चिडियाचं घरटं घेऊन फिरून राहिली ही पोट्टी! झिपरी नुसती."

मी म्हटलं, "आज विंचरायचे राहिले."

"तुझ्यानं होणार नाही ते. माझं ऐक. शाळा उघडायच्या आत या केसांचं काही करून दाखव. नाही तर मी कात्री घेऊन येतो आणि बॉयकट करून टाकतो. पोट्टीले पण सुटका, तुले पण सुटका."

मी बायकोला फोन लावला. तिच्याकडून तरी आधार मिळेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "ताई म्हणतात ते काही चूक नाही. रोजच्या रोज ते रडणं मलाही नको झालंय." झालं! घरात मी आणि पोरगी, बाकी सगळे कात्रीच्या बाजूला.

आणि पोरीला केस हवे होते. हट्टानं हवे होते. आंघोळ करून आली की ओल्या अंगानं आरशासमोर पाठमोरी उभी राहायची, एक बट धरून खाली ओढायची आणि मान वळवून बघायची. बट थेट पाठीच्या मध्यावर यायची. सोडली की टुणकन उडी मारून मानेशी. "बाबा, ओले असले की इतके लांब असतात," ती म्हणायची, "मग वाळल्यावर कुठे जातात?" वर्गातल्या पोरी तिला म्हणायच्या, तुझे केस वाढतच नाहीत. शाळा चालू असताना ती त्यांच्याशी रोज भांडून यायची. त्या रविवारी रात्री जेवताना तिनं विचारलं, "आत्या खरंच कापेल?"

मी म्हटलं, "हात लावून दाखव म्हणावं तिला." आवाज चांगला चढवून म्हटलं, पण ताईला मी ओळखून होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विंचरायला बसलो. घरात होता तोच कंगवा, वाळलेले केस, आणि वरून खाली, सरळ. आपण सगळे असंच विंचरतो ना? पहिल्याच फटक्यात कंगवा अडकला. मी ओढला. पोरीनं अशी किंकाळी मारली की वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात आल्या. मी आणखी ओढला. कंगव्याचा दात तुटून केसांत राहिला आणि पोरीनं माझ्या हाताला कडकडून चावा घेतला. मीही तिच्यावर ओरडलो. मग दोघं दोन खोल्यांत जाऊन बसलो.

त्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाहेर मे महिना भाजत होता. मी मोबाइलवर कुरळ्या केसांचे व्हिडिओ लावले. एक बाई, मागे झाडांच्या कुंड्या, हसून हसून सांगते की आपल्या केसांशी प्रेमानं बोला. बोलतो हो बाई, आमच्या घरी तर केसांवरून ओरडल्याशिवाय कोणी बोलतच नाही. मग तिनं बाटल्या मांडल्या. धुण्याआधीची, धुण्याची, धुतल्यानंतरची, वाळण्याआधीची, वाळल्यानंतरची. माझं डोकं भणाणलं. यातल्या निम्म्या बाटल्या माझ्या दुकानात धूळ खात पडल्या होत्या आणि प्रत्येकीवर सरळ केसांच्या पोरीचा फोटो होता. कुरळ्या केसांची बाटली, फोटो सरळ केसांचा! कोणाच्या डोक्यातून निघतं हे, देव जाणे.

पण त्या बाईच्या बोलण्यातून प्रेम आणि बाटल्या वजा केल्या, तर खाली थोडं कामाचं उरत होतं. ते मी सांगतो, फुकटात. कुरळे केस वाळलेले असताना विंचरायचे नाहीत. कधीच नाही, पाहुणे दारात उभे असले तरी नाही. ते चिंब ओले करायचे, शॅम्पू लावायचा तर फक्त टाळूला, आणि मग कंडिशनर केसांना असं सढळ हातानं लावायचं की बोटं सुळकन निसटली पाहिजेत. ते केसांत असतानाच गुंता सोडवायचा, आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्यानं. आणि सुरुवात टोकापासून. टोक सुटलं की दोन बोटं वर, ते सुटलं की आणखी वर. मुळाशी सगळ्यात शेवटी. आपण मुळापासून ओढत खाली येतो, म्हणजे वरचा सगळा गुंता खालच्या गुंत्यावर नेऊन आपटतो, आणि मग पोरगी रडते तर तिलाच नाटकी म्हणतो.

टॉवेलनं खसाखसा पुसणं बंद. माझं जुनं बनियन घेतलं, सुती, मऊ झालेलं, आणि त्यात केस नुसते दाबून पाणी काढलं. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, त्यानं केस राठ होतात, म्हणून शेवटचे तांबे नळाच्या पाण्याचे. तेल थापणंही बंद केलं, जरासं टोकांना लावलं तर लावलं. आणि कूलर! नागपूरचा माणूस मे महिन्यात कूलरच्या तोंडासमोर झोपतो, पोरगीही तशीच झोपायची, आणि सकाळी मानेमागे केसांचा गठ्ठा झालेला असायचा. मी तिची खाट बाजूला सरकवली, केस वर सैल बांधून दिले आणि उशीला बायकोच्या जुन्या रेशमी साडीचा तुकडा शिवला. बायकोनं फोनवर पहिलं काय विचारलं असेल? "कोणती साडी फाडली?" पोरीची झोप, पोरीचे केस, काही नाही. साडी!

मग जवस. व्हिडिओतली बाई म्हणाली की जवस उकळून त्याचा बुळबुळीत रस केसांना लावला की वळणं नीट बसतात. जवस तर आपल्या घरात चटणीसाठी असतोच. मी पातेल्यात उकळला आणि थंड व्हायला ठेवून दुकानात गेलो. परत आलो तर पातेल्यात जवसासकट थलथलीत गोळा. चाळणीतून पडेना, फडक्यातून निघेना. तेवढ्यात ताई टपकली. पातेल्यात बोट घातलं, वास घेतला.

"हे काय करून राहिला तू?"

"पोरीच्या डोक्याला लावतोय."

"माय वं! जवस चटणीले असते गा, डोक्याले नाही! बायको काय गेली, वेडच लागलं तुले." आणि तिनं ते अख्खं पातेलं माझ्यासमोर सिंकमध्ये उपडं केलं. मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती जाताना दारातून म्हणाली, "शाळा उघडू दे. मग पाहतो."

पुढच्या वेळी मी जवस गरम असतानाच गाळून घेतला. हे लक्षात ठेवा, गरम असतानाच, नाही तर सिंकमध्ये ओतायला बहीण लागेल.

जून आला. पोरीचं रडणं हळूहळू थांबलं. नाक फुरफुरवायची, मग नुसतं "बाबा, हळू", मग तेही नाही. वळणं मोकळी दिसायला लागली, एकेक बट वेगळी. कोणी रस्त्यात थांबवून कौतुक केलं असं अजिबात झालं नाही. वरच्या काकू म्हणाल्या, "आजही विंचरले नाहीत वाटतं?" मी त्यांच्या तोंडावर दार लावलं.

शाळा उघडायच्या आदल्या रविवारी ताई आली. हातात पिशवी, पिशवीत कात्री. दार उघडंच होतं. मी आणि पोरगी न्हाणीघरात होतो. ती स्टुलावर बसलेली, केसांत भरपूर कंडिशनर, आणि वर्गातली कोण कोणाशी कट्टी आहे याची लांबलचक भानगड मला सांगत होती. मी मागे बसून विंचरत होतो. ताईचा आवाज आला तशी पोरगी गप्प झाली. तिनं दोन्ही हातांनी केस धरले आणि भिंतीला सरकली.

मी म्हटलं, "ताई, आज तू हात लावला ना, तर या घरात परत पाय ठेवू नको. सांगून ठेवतो."

मला वाटलं, आता फुटेल. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. पोरीकडे बघत होती.

"ही रडत काहून नाही?" तिनं विचारलं.

"काहून रडेल?"

"विंचरून राहिला ना तू? मग रडत काहून नाही?"

मला तिचा रागच आला. "कारण दुखत नाही तिले! ओले केस आहेत. पहिले खालून विंचरतो, मग वर. व्हिडिओत पाहून शिकलो. तू पण पाहिलं असतं, तर महिनाभर माझं डोकं खाल्लं नसतं. पण तुले काय, तुले झुडूप दिसलं की कात्री दिसते."

"मले शिकवू नको," ती म्हणाली. आवाज एकदम बसका. "तुले काय माहीत केसांचं? तुम्हा पोट्ट्यांच्या डोक्यावर न्हावी मशीन फिरवून जाये, खेळायले मोकळे. मले आई गुडघ्यात दाबून बसवे. वाळले केस, बारीक फणी, आणि वरून. रडली की त्याच फणीनं डोक्यात मारे."

"ताई, तुले उवा झाल्या होत्या ना, म्हणून..."

"उवा नव्हत्या गा." तिनं पिशवी खाली ठेवली. "एक ऊ नव्हती. आईले विंचरता येत नव्हतं. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी कंटाळून तिनं कापून टाकले, आणि लोकं विचारतील म्हणून उवा सांगितल्या. वर्षभर माझ्या बाकावर कोणी बसलं नाही."

पोरीचे केस धरलेले हात तसेच होते.

ताई ओल्या फरशीवर बसली, चांगली साडी नेसून. माझ्या हातातला कंगवा हिसकावून घेतला. पोरगी आणखी आकसली.

"कापत नाही वं," ताई तिला म्हणाली. "पाहून राहिली फक्त. सोड."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं, मग हात खाली घेतले. ताईनं एक बट हातात धरली, अगदी शेवटचं टोक, आणि कंगवा लावला. निघाला. जरा वर लावला, तिथूनही निघाला. मग मुळाशी लावला आणि सरळ खाली आणला, कुठेही न अडकता. पोरगी हूं की चूं करेना. उलट वर्गातल्या कट्टीचं अर्धं राहिलेलं पुढे सांगायला लागली.

ताईचा हात थांबला. तिनं कंगव्याकडे पाहिलं. आमची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण ताई त्या न्हाणीघरात तिच्यावरच ओरडली, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"एवढंच होतं काय वं, माय? एवढंच होतं?"