चढाखालचा सायकलवाला

अक्कलकुव्यातल्या त्या सायकल दुरुस्तीवाल्याचे दोन्ही पाय लहानपणीच गेले होते, पण ती कसर त्याने तोंडाने भरून काढली होती. त्याचं दुकान चढावर. रोज सकाळी चाकं लावलेल्या फळीवर बसून तो चढाखाली थांबे आणि धक्का मारणारा निवडून घेई. निवड बातमीवर होई. मदतीला धावलेल्याला खुशाल परत पाठवी, "तू ऱ्हाऊ दे. तुन्हाजोडे शिळी बातमी ऱ्हास." मी तिथल्या शाळेत मास्तर; शाळेतल्या भांडणांमुळे मला बरा भाव होता.

पुढे गावाने हौसेने त्याला हाताने चालवायची तीनचाकी करून दिली, हारही घातला. आठवडाभर तो सुतकी चेहऱ्याने एकटाच चढ चढला. मग एके सकाळी बघतो, तर तीनचाकीसकट हा पुन्हा चढाखाली.

"गुरुजी, जरासा धक्का मारा ना. साखळी पडी गई."

मी साखळी बसवायला वाकलो, तर माझा हात झटकला.

"ऱ्हाऊ द्या तिले. हेडमास्तरनं काय व्हयनं ते सांगा."

अख्ख्या तालुक्याच्या साखळ्या बसवणाऱ्या माणसाची स्वतःची साखळी मी गावात असेपर्यंत पडलेलीच राहिली, आणि गावात कोणी त्यावर अवाक्षर काढलं नाही.

माझ्या बदलीचा हुकूम आला, तेव्हा मी घरी सांगण्याआधी चढाखाली जाऊन उभा राहिलो. इतकी ताजी बातमी त्या दिवशी दुसऱ्या कोणाकडेच नव्हती.