सिस्टरांची रांग

आमच्या सिस्टरांना सगळे यष्टी म्हणायचे. सकाळी पवनानगर, दुपारी कामशेत, दिवेलागणीला लोणावळ्यात परत. खांद्याला औषधांची पिशवी. हे नाव त्यांना माहीत होतं. जीपवाल्याला म्हणायच्या, "यष्टी बंद पडली तर तू आहेसच की, बाबा."

मी त्यांच्या कॉन्व्हेंटात स्वयंपाकाला होते. माझी मुलगी भाजे गावात, आमच्या घरीच झाली, ती त्यांच्या हातांवर. पोर रडेना, तेव्हा त्या तिची पाठ चोळत राहिल्या. ती रडली आणि मग त्याही रडल्या.

एकदा भाकरी थापताना मी भीत भीत विचारलं, तुम्हाला फादर व्हावंसं कधी वाटलं नाही? हसल्या. लहानपणी आईला तसं सांगितलं होतं म्हणे. "आई म्हणाली, बाईनं घरात जेवायला वाढावं. मी म्हटलं, वाढायचंच तर आहे, देवाच्या घरात." मग परातीतलं पीठ उगाच मळत राहिल्या.

एका नाताळच्या मिस्साला चर्चमध्ये फार गर्दी झाली. ख्रिस्तप्रसाद द्यायला फादरांनी सिस्टरांनाही शेजारी उभं केलं. आमच्याकडे हे पहिल्यांदाच. मी त्यांच्या रांगेत होते, पुढे एकच बाई उरलेली. मागून रोझीमावशीनं पदर ओढला.

"हितं कुटं उभी ऱ्हायलीस? बाईच्या हातचं लागू पडंल व्हय? फादरकडं चल."

मावशीला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी रांग सोडली. माझ्यामागोमाग बाकीच्याही आल्या. सिस्टर प्रसादाचा भरला प्याला धरून एकट्याच उभ्या राहिल्या.

दुपारी त्या स्वयंपाकघरात आल्या. दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"मुलगी घेतलीस तेव्हा हेच होते ना गं?"

मी मान खाली घालून कांदा चिरत राहिले.

जूनमध्ये त्यांची बदली झाली. स्टेशनवर बॅग मीच नेली. माफ करा, एवढंच म्हणायचं होतं. गाडी सुटेपर्यंत जमलं नाही. वर्षभरात त्या वारल्याचं कळलं.

तेव्हा मी पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडे बसलेल्या फादरांना सगळं सांगितलं. मनानं चांगले आहेत. म्हणाले, "रांग बदलली, यात पाप कसलं, बाई? दुसरं काही सांगायचंय?"

दुसरं काही नव्हतं. यात पाप कुठलं, ते सिस्टरांनी ऐकताच ओळखलं असतं. पण त्यांना त्या जाळीमागे कोण बसू देणार होतं? मी गुडघ्यांवर तशीच राहिले. मागची माणसं खोळंबली होती.