दगडावरची फुंकर

आमचे बाबा दगडावर अक्षरं कोरायचे. घरांच्या पाट्या, शाळांच्या कोनशिला, दवाखान्याच्या भिंतीवर देणगीदारांची नावं. घराची पुढची खोली हेच दुकान. हातात छिन्नी, तोंडात शिव्या. म्हणजे गिऱ्हाइकानं स्वतःचंच नाव चुकीचं लिहून दिलं असेल तर. आमच्या धंद्यात खोडरबर नसतं, असं ते ऐकवायचे.

अक्षर झालं की वाकून त्यावर फुंकर मारायचे. पांढरी धूळ उडायची आणि खालून अक्षर उघडं पडायचं. बाकीचे कारागीर दगड ओला करून कोरत. बाबांना ते पटत नसे. ओल्या दगडावर पेन्सिलीची रेघ दिसत नाही आणि मग वेलांटी बेवड्यासारखी झुकते, हे त्यांचं मत. तोंडाला फडकं बांधा म्हटलं की म्हणायचे, मी काय चोरी करायला बसलोय? मला अजून त्यांचा राग येतो. पण त्या खोलीतली टकटक आठवली की रागाचं पाणी होतं.

पन्नाशी उलटल्यावर खोकला लागला. कोरडा. कफ नाही, ताप नाही. आईचे सगळे काढे संपले, खोकला संपला नाही. मग बाबा जिन्यात मध्येच थांबून शेजाऱ्यांच्या भिंतीचा रंग न्याहाळू लागले. रंग कसला, दम लागायचा. सदरे ढगळ झाले, बोटांची टोकं फुगली, नखं बाकदार झाली. आम्ही शहाणे म्हणालो, वय झालं.

फुंकर मात्र पुरेना. मग आई शेजारी येऊन बसली. बाबा कोरायचे, आई फुंकायची. म्हातारपणी संसाराला रंग चढलाय, म्हणून गल्लीतल्या बायका चिडवायच्या. आई लाजायची, पण जागा सोडायची नाही. दोन वर्षं हे चाललं. त्या दोघांना इतकं जवळ बसलेलं मी आधी कधी पाहिलंच नव्हतं, आणि आजही डोळे मिटले की ते तसेच बसलेले दिसतात.

शेवटी मीच दोघांना रिक्षात घालून छातीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या पाठीला नळी लावली, छातीचा फोटो काढला आणि समजावून सांगितलं. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात बसत गेली, आत जखमा झाल्या, त्या भरताना वण पडले. वणाची जागा ताठ होते, फुगत नाही, म्हणून श्वास पुरत नाही. पडलेले वण जात नाहीत. आता दगडाच्या जवळही फिरकायचं नाही.

शेजाऱ्याच्या आजाराबद्दल ऐकावं तसे बाबा मान डोलावत होते. मग त्यांनी विचारलं, "शेजारी बसणाऱ्यालाही होतं का हे?"

होऊ शकतं, बाई म्हणाल्या. त्यातून फुंकर मारली तर धूळ थेट तोंडावरच येते.

बाबांचा चेहरा उतरला. "आधी हिचा फोटो काढा."

आई नको नको म्हणत गेली. फोटो हाती येईपर्यंत पाऊण तास बाबा बाकावर तिचा हात धरून बसले, चारचौघांत, जन्मात पहिल्यांदा. तुला बसायला सांगितलं होतं कुणी, म्हणून तिलाच रागवत होते आणि खोकत होते. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

फोटो स्वच्छ निघाला. दर वर्षी तपासून घ्या, एवढंच बाईंनी सांगितलं. बाबांनी तीनदा विचारून खात्री केली आणि मला म्हणाले, उद्याच सगळे दगड देऊन टाक, छिन्न्याही.

आई वैतागली. "अहो, माझं झालं. आता तुमचं काही विचाराल की नाही?"

"माझं काय विचारायचं?" बाबा म्हणाले. "ज्यांच्या हाताखाली शिकलो, ते असेच खोकत गेले. माझं मला कधीच कळलं होतं. म्हणून तर तुला शेजारी बसू दिलं. म्हटलं, उरलेत तेवढे दिवस तरी जवळ बसू. तुलाही ती धूळ लागेल, हे डोक्यातच आलं नाही गं."